किडीची ‘नसबंदी’ आपल्या शिवारात कधी येणार?

वळवाचे दोन पाऊस झाले की आमची हुमणीची फेरी सुरू होते, हे तुम्हाला माहीत आहेच. करवीर तालुक्यातल्या एका गावी रात्री साडेसातच्या सुमारास बांधावरच्या कडुनिंबाखाली आम्ही बॅटऱ्या घेऊन जमलो होतो. खाली जुनं लुगडं अंथरलेलं, वर दोघेजण फांद्या हलवताहेत आणि भुंगेरे टपाटप खाली पडताहेत. तेवढ्यात एका तरुणाने मोबाईल माझ्यापुढे धरला. ‘‘सायेब, ह्ये बघा की. जपानात म्हणं झुरळाला सुई मारली आन् त्याची पोरंच बदलून आली. मग हुमणीला का मारत न्हाईत तसली सुई? आमी हितं किती साल झाडं हालवायची?’’

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता. वाचणाऱ्या पोरांच्या हातात अशा बातम्या पडताहेत आणि त्याचा अर्थ विचारायला ती आमच्याकडेच येणार. उद्या एखाद्या गावात कोणी कंपनीवाला ‘सुधारलेला किडा’ सोडायची परवानगी मागायला आला, तर सरपंच आणि ग्रामसेवकांनाही काय विचारायचं ते माहीत पाहिजे. मी पदविकेचा माणूस, प्रयोगशाळेतला नव्हे. जे वाचलं-समजून घेतलं ते आपल्या भाषेत मांडतो.

पहिली गोष्ट. किडीच्या अंगात बदल करणं वेगळं आणि तो बदल तिच्या वंशात उतरणं वेगळं. म्हशीची शिंगं कापली म्हणून तिचं रेडकू बिनशिंगाचं जन्मत नाही. बदल पिढ्यान्पिढ्या चालायचा तर तो ज्या पेशींपासून पुढे अंडी आणि वीर्य तयार होतं, त्या पेशींपर्यंत पोचला पाहिजे. सगळी मेख तिथेच आहे.

यासाठी शास्त्रज्ञ इतकी वर्षे किडीच्या अंड्यालाच सुई मारत आले. १९८२ साली अमेरिकेत रुबिन आणि स्प्रॅडलिंग या दोघांनी फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माशीच्या (ड्रोसोफिला) अंड्यात बाहेरचं जनुक घालून ते पुढच्या पिढीत उतरवून दाखवलं. ते अंडं असतं जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचं. काचेची केसाहून बारीक सुई करायची, सूक्ष्मदर्शकाखाली अंड्याच्या मागच्या टोकाला टोचायची, आणि तेही अंडं घातल्यापासून साधारण तासाभराच्या आत. कारण त्या वेळी आत अजून पेशींच्या भिंती पडलेल्या नसतात, सगळं एकाच पातळ रसात तरंगत असतं. मागच्या टोकाला जे जमतं त्यातून पुढे बीजपेशी होतात. वेळ चुकली की काम वाया. टोचलेल्यातली बरीच अंडी मरतात. जी जगतात ती अर्धीमुर्धी बदललेली, कबरी म्हणा ना. त्यांचा संकर करून पुढच्या पिढीत पूर्ण बदललेली निवडून काढायची. आपल्याकडचे जुने लोक मिरचीचं बी राखताना जसं झाड-झाड बघून निवडत, तसंच हे काम, फक्त डोळ्यांना दुर्बीण लावून.

२०१२ साली क्रिस्पर-कॅस-९ नावाची कात्री हाती आली (या शोधाला २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि कुठलं जनुक तोडायचं ते नेमकेपणानं ठरवता येऊ लागलं. तरी कात्री आत पोचवायला अंड्याला सुई टोचणं सुटलं नव्हतं. झुरळाची अंडी एका कडक डबीत बंद असतात, तिच्यात सुई घालायला गेलं की सगळंच नासतं. म्हणून २०२२ साली जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या गटाने वेगळीच वाट काढली. अंड्याऐवजी आईलाच टोचायचं. मादीच्या अंगात अंडी भरत असतात तेव्हा तिच्या रक्तातून बलक अंड्यात ओढला जातो. नेमक्या त्याच दिवसांत कात्रीचं प्रथिन आणि तिला पत्ता सांगणारा आर.एन.ए. मादीच्या पोटात सोडला, की बलकाच्या लोंढ्याबरोबर कात्रीही अंड्यात जाते. झुरळात चांगल्या प्रयोगात शंभरात बावीसच्या आसपास पिल्लं बदललेली निघाली. पिठात होतात त्या तांबड्या किड्यांत निम्म्याहून जास्त. बदल कसला, तर डोळ्यांच्या रंगाचा, कारण तो लगेच डोळ्यांना दिसतो. त्याआधी २०१८ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात डासाच्या मादीवर असाच प्रयोग झाला होता, पण तिथे कात्रीला अंड्यात शिरण्यासाठी एक वेगळी शेपटी जोडावी लागली. जपान्यांना तीही लागली नाही.

म्हणजे त्या पोराने वाचलेलं खोटं नव्हतं. महाग यंत्राशिवाय, थोडा सराव असलेल्या माणसाला हे जमू शकतं, म्हणून या पद्धतीचं कौतुक आहे. आपल्या देशातही हे काम चालू आहे. बेंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेत वांग्याच्या शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीच्या डोळ्याच्या रंगाचं जनुक क्रिस्परने बदललेलं आहे. गडहिंग्लज-कागलकडच्या भाजीवाल्यांना ही अळी काय चीज आहे ते मी सांगायला नको.

<b>मग कीड कमी कशी होते?</b>

डोळ्याचा रंग बदलून वांगी वाचत नाहीत. पुढची पायरी म्हणजे बदललेला नर रानात सोडायचा आणि त्याच्या संबंधातून होणारी पिल्लं जगूच द्यायची नाहीत. ही कल्पना जनुकाच्या कात्रीहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत जनावरांच्या जखमेत अळ्या पाडणारी एक माशी होती. किरणांचा मारा करून तिचे नर वांझ करायचे आणि विमानातून सोडायचे, अशी योजना निपलिंग या शास्त्रज्ञाने आखली. १९५४ साली कुरासाव बेटावर ती यशस्वी झाली आणि १९६६ साली अमेरिकेने ती माशी देशातून संपल्याचं जाहीर केलं. कापसातली गुलाबी बोंडअळीही अमेरिकेने अशीच संपवली. बी.टी. कपाशी आणि विमानातून सोडलेले अब्जावधी वांझ पतंग, दोन्ही मिळून. २०१८ साली त्यांनी तसं जाहीर केलं.

त्याच सुमारास आपल्या विदर्भात काय चाललं होतं? २०१७ साली त्याच अळीवर फवारण्या करता करता यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. अळी एकच आणि बी.टी. जनुकंही तीच, पण फळ दोन टोकांचं मिळालं. आपल्याकडे बी.टी. च्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं बिगर-बी.टी. बियाणं मिळायचं, ते कडेने लावायचं होतं. किती जणांनी लावलं? आपण कोल्हापूरकर कपाशी करत नाही, म्हणून नाक वर करायचं कारण नाही. उसाच्या बेणेप्रक्रियेचं आपण काय करतो ते मला दिसतं. सांगायचा मुद्दा एवढाच की कीटकाचं शास्त्र कितीही बारीक असलं तरी ते शेवटी गावच्या शिस्तीवर येऊन अडतं.

त्या जखमेतल्या माशीचंही पुढचं ऐका. मध्य अमेरिकेत पनामाला वांझ माश्यांचा कारखाना बसवून, आठवड्याला दहा कोटींच्या आसपास माश्या सोडून तिला अडवून धरलं होतं. २०२३ पासून ती पुन्हा उत्तरेकडे सरकली, नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत सापडली आणि अमेरिकेला तिकडची जनावरं आयात करणं थांबवावं लागलं. सोडणं थांबलं किंवा कमी पडलं की कीड परत. असल्या कामाला दरवर्षी पैसा लागतो.

<b>जालन्याचे पिंजरे</b>

आता आपल्या महाराष्ट्रात या. पुष्कळांना ठाऊक नसेल, पण जनुक बदललेला कीटक आपल्या राज्यात येऊन गेला आहे. डेंग्यूचा डास. इंग्लंडच्या ऑक्सिटेक कंपनीने तयार केलेली जात आणि जालन्याची जी.बी.आय.टी. ही कंपनी यांनी मिळून जानेवारी २०१७ मध्ये बदनापूर तालुक्यात दावलवाडीला उघड्या हवेतल्या पिंजऱ्यांत चाचण्या सुरू केल्या. त्या डासाच्या अंगात असं जनुक बसवलेलं होतं की टेट्रासायक्लिन हे औषध मिळालं नाही तर त्याची पिल्लं मोठी व्हायच्या आत मरावीत. कारखान्यात औषध देऊन वाढवायचे, बाहेर फक्त नर सोडायचे. नर डास चावत नाही, त्यामुळे लोकांना त्रास नाही. रानातल्या मादीशी संबंध आला की पुढची पिढी बहुतेक खलास. ब्राझीलमध्ये अशा प्रयोगांत डास पुष्कळ कमी झाल्याचे आकडे आले होते.

‘बहुतेक’ हा शब्द मुद्दाम लिहिला. शंभरातली तीन-चार पिल्लं प्रयोगशाळेतच वाचत होती. ब्राझीलच्या जाकोबिना गावातल्या रानडासांत सोडलेल्या जातीचे अंश सापडले, असा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निष्कर्षांवर मोठा वाद झाला, छापणाऱ्या नियतकालिकानेही नंतर शंकेची टीप जोडली. त्या डासांपासून काही अपाय झाला असं कोणी दाखवलेलं नाही. पण सोडलेल्या जातीचं रक्त आपोआप पुसून जाईल हे जे सांगितलं होतं, त्याला गालबोट लागलंच. दरम्यान कंपनीनेच ती जात मागे टाकून नवी आणली. तिच्यात फक्त मुली मरतात, मुलगे जगून पुढे तेच काम करतात. मक्यावरच्या लष्करी अळीची तसलीच जात ब्राझीलने २०२१ साली मंजूर केली.

आपल्या देशात मात्र जनुक बदललेला डास पिंजऱ्याबाहेर उघड्यावर सोडला गेलेला नाही. पुदुच्चेरीच्या केंद्राने २०२२ साली डेंग्यूच्या डासात वोल्बाकिया नावाचा जिवाणू घालून जी जात तयार केली, तिचा घोळ यात करू नका. तिथे जनुकाला हात लावलेला नाही.

<b>सातबाऱ्याचा हिशेब</b>

याहून एक पाऊल पुढचं प्रकरण आहे, त्याला जीन ड्राइव्ह म्हणतात. ते समजून घ्यायला सातबाऱ्यासारखा दाखला नाही. आई-बापाकडून प्रत्येक जनुकाची एकेक प्रत येते आणि पुढच्या पोराला त्यातली कुठली तरी एक मिळते. दोन भावांची नावं निम्म्या हिश्श्याने लागावीत तसं. जीन ड्राइव्ह म्हणजे एका भावाने चावडीवर न जाताच दुसऱ्याच्या हिश्श्यावरचं नाव खोडून आपलं चढवावं. बदललेल्या जनुकाबरोबर कात्रीही बसवलेली असते; ती समोरची चांगली प्रत कापते आणि तिथे स्वतःची नक्कल उतरते. निम्म्याऐवजी जवळजवळ सगळ्या पोरांत तेच जनुक जातं. २०१५ साली अमेरिकेत इर्विन आणि सॅन दिएगोच्या शास्त्रज्ञांनी हे ज्या डासात करून दाखवलं, तो अ‍ॅनॉफिलिस स्टेफेन्सी, आपल्या भारतातल्या शहरी हिवतापाचा डास. २०१६ मध्ये टाटा ट्रस्ट्सने सॅन दिएगोच्या विद्यापीठाबरोबर याच विषयासाठी संस्था काढली, तिचं भारतातलं काम बेंगळुरूला चालतं. २०१८ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आफ्रिकेतल्या डासाच्या एका जातीवर असा प्रयोग झाला आणि पिंजऱ्यातली अख्खी वस्ती सात ते अकरा पिढ्यांत संपली.

वाचायला झकास वाटतं. पण वांझ नर सोडणं थांबवलं की थांबतं, हे थांबत नाही. एकदा सुटलं की तालुक्याची हद्द नाही, राज्याची नाही. बी.टी. बियाणं घ्यायचं की नाही हे तुमच्या हातात होतं. २०१९ साली अकोल्याकडे शेतकरी संघटनेने बंदी असलेलं तणनाशक-सहनशील कापूस बियाणं उघडपणे पेरलं, तेव्हा निदान पेरणारा कोण हे दिसत होतं. उडणाऱ्या किड्याला बांध कळत नाही. तुमच्या शेजाऱ्याने होकार दिला की तुमचाही झाला. मला स्वतःला या एका कारणासाठी जीन ड्राइव्हची घाई नको वाटते, शास्त्र वाईट आहे म्हणून नव्हे.

लोकांना न विचारता केलेल्या कामाचं काय होतं त्याचा दाखला आपल्याच देशात आहे. १९७० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं केंद्र काढलं. पैसा अमेरिकेचा. हरियाणातल्या सोनिपतला वांझ डास मोठ्या प्रमाणावर सोडायची तयारी झाली होती. तेवढ्यात वृत्तपत्रांत गवगवा झाला की हे जैविक युद्धाच्या तयारीसाठी आहे, संसदेच्या लोकलेखा समितीने ताशेरे ओढले आणि १९७५ साली सगळं गुंडाळावं लागलं. संशयात किती तथ्य होतं हा वेगळा वाद. पण शंकेला वेळेवर उघड उत्तर मिळालं नाही, हे नक्की. अलीकडे आफ्रिकेत बुर्किना फासो देशाच्या सरकारनेही ऑगस्ट २०२५ मध्ये असाच डासांचा प्रकल्प थांबवला. तिथे तर गावोगाव सभा घेऊन काम चाललं होतं, तरीही.

म्हणून ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी एवढं ध्यानात ठेवावं. जनुक बदललेला कुठलाही जीव पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत येतो. केंद्राने मार्च २०२२ मध्ये बाहेरचं जनुक न घातलेल्या काही प्रकारच्या जनुकसंपादित पिकांना या नियमांतून सूट दिली आणि त्यातूनच मे २०२५ मध्ये भाताचे दोन वाण जाहीर झाले. ती सूट फक्त वनस्पतींना आहे, कीटकांना नाही. कीटकांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाने एप्रिल २०२३ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. १९८९ च्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे, तिच्यात कृषी आणि आरोग्याचे अधिकारी येतात. ग्रामपंचायतीचं नाव त्या यादीत नाही. तरीसुद्धा कोणी असा प्रस्ताव घेऊन आला तर केंद्राच्या मंजुरीचं पत्र मागा, सोडलेला किडा किती पिढ्या टिकणार ते लेखी मागा, परत गोळा करता येईल का ते विचारा, आणि विषय ग्रामसभेपुढे ठेवून इतिवृत्तात नोंद घ्या. ‘फक्त नमुना आहे साहेब’ म्हणून कोणी डबी उघडायला लागला तर त्याला आधी चहा पाजा आणि डबी मिटायला लावा.

रेशमाचं थोडं निराळं आहे. तुती करणाऱ्यांना ग्रासरी रोग माहीत आहे. हैदराबादच्या जे. नागराजू यांच्या गटाने त्या विषाणूला तोंड देणारे रेशीमकीटक जनुक बदलून तयार केले, त्याचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. रेशमाचा पतंग उडत नाही, रानात जगत नाही, आणि अंडीपुंज दरवेळी केंद्रातूनच आणावे लागतात. म्हणजे घेणं न घेणं शेतकऱ्याच्या हातात राहतं. माझ्या मते आपल्याकडे अशा कीटकाची सुरुवात व्हायची तर ती रेशमातूनच व्हावी.

<b>आणि हुमणी?</b>

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येतो. माळावरची हुमणी असो की पंचगंगा-कृष्णाकाठची, दोघींची वर्षाला एकच पिढी होते. डासाची पिढी पंधरवड्यात उरकते. इम्पीरियल कॉलेजच्या पिंजऱ्यात सात ते अकरा पिढ्या लागल्या. हुमणीत तेवढंच व्हायचं म्हटलं तरी सात ते अकरा वर्षे, तीही पिंजऱ्यात. वांझ नरांचा मार्ग धरला तर रानातल्या नरांच्या दहापट तरी सोडावे लागतात. समजा एका शिवारात एक लाख नर आहेत, तर दहा लाख वाढवायचे. माशी वाढते ताटलीत. हुमणीच्या अळीला कित्येक महिने माती आणि मुळ्या लागतात. एवढे भुंगेरे वाढवायला जो ऊस लागेल, त्यात एखादा कारखाना चालेल! आणि सुई कुणाला मारायची? मादी मातीत शिरून अंडी घालते, नदीकाठची तर झाडावर खायलाही फारशी येत नाही.

पहिला नंबर लागला तर फळमाशीचा लागेल, वांग्याच्या अळीचा, कदाचित मक्यावरच्या लष्करी अळीचा. लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडे पोचली, कारण तिचा पतंग रातोरात लांब जातो. तेव्हा एका गावात वांझ पतंग सोडून काही होणार नाही, जिल्हे एकत्र यावे लागतील.

कीटक सोडणं आपल्याला नवीन नाही. २००२ साली सांगली-कोल्हापूरच्या उसावर लोकरी मावा आला, पानं काळी पडली, लोक हवालदिल झाले. औषधांनी आटोक्यात आला नाही तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी आणला. कारखान्यांनी त्या वाढवल्या, शेतकऱ्यांनी पानाच्या तुकड्यांवरून एका फडातून दुसऱ्या फडात नेल्या. त्यांचं जनुक कोणी बदललं नव्हतं, त्या आपल्याच रानातल्या होत्या. ट्रायकोकार्डही तुम्ही लावताच.

तर त्या रात्री मी पोराला म्हटलं, बाबा, सुई येईल तेव्हा येईल, एक मादी पन्नास-साठ अंडी घालते आणि ती आत्ता तुझ्या डोक्यावर बसली आहे. त्याने मोबाईल खिशात घातला आणि झाडावर चढला. दोन झाडांखाली मिळून पाऊण बादली भुंगेरे निघाले, रॉकेल मिळत नाही म्हणून साबणाच्या पाण्यात बुडवले. प्रकाश सापळ्यांची मागणी गावाने ठराव करून आत्ताच पाठवावी. एका वर्षी एका तालुक्यात (नाव नको) सापळे आले ते भुंगेरे जमिनीत गेल्यावर. कडुनिंब-बाभळीवरची गोळाबेरीज पहिल्या वळवापासून रोज सायंकाळी सात ते नऊ, निदान दोन-तीन आठवडे, आणि सगळ्या गावाने एकाच वेळी करायची. नदीकाठच्या फडांत भुंगेरे झाडावर सापडत नाहीत, तिथे लागणीआधी खोल नांगरट करून अळ्या वेचा आणि शेणखतातून मेटारायझियम द्या. ते कसं मिसळायचं ते तुमच्या कृषी सहायकाला विचारा, तो बुधवारी चावडीत असतो.